नीरफणसाच्या बिया कुठे गेल्या?

गेल्या श्रावणातली गोष्ट. शेजारच्या वहिनी नीरफणसाची, म्हणजे इंग्रजीतल्या ब्रेडफ्रूटची, कापं तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर सोडत होत्या. मी ताटली घेऊन तयारच बसलो होतो. त्यांची बारावीतली मुलगी सोललेल्या फोडी न्याहाळत म्हणाली, "काका, फणस कापला की परातभर आठळ्या निघतात. मग ह्यात एक पण कशी नाही?" "जातच वेगळी," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि काप तोंडात टाकलं. पण शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे उत्तर पचेना. कापं पचली.

उत्तर एका आकड्यात आहे : ८४. तो कळायला फार शिकावं लागत नाही. आणि एकदा कळला की पेपरात अधूनमधून येणाऱ्या 'अमुक झाडाचा जीनोम उलगडला' छापाच्या बातम्यांचाही अर्थ लागायला लागतो.

शब्द दोनच

झाडाच्या प्रत्येक पेशीत ते झाड कसं घडवायचं याचा मजकूर असतो. हा मजकूर डीएनएच्या लांब धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. धागा एकच नसतो, त्याचे तुकडे असतात. पेशीचं विभाजन होताना हे तुकडे गुंडाळले जाऊन आखूड काड्यांसारखे दिसतात. त्या काड्या म्हणजे गुणसूत्रं. आणि एका पूर्ण संचातला सगळा मजकूर मिळून झाला जीनोम.

म्हणजे मोठा ग्रंथ समजा. गुणसूत्रांची संख्या म्हणजे ग्रंथाचे खंड किती, आणि जीनोमचा आकार म्हणजे एकूण अक्षरं किती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचशे पानांचा ग्रंथ एका खंडात बांधता येतो, दहा पुस्तिकांतही बांधता येतो. निम्मा गोंधळ इथेच होतो.

आपल्या नेहमीच्या फणसाचा ग्रंथ २८ खंडांचा आहे. त्याच्या दोन प्रती प्रत्येक पेशीत असतात. एक आईच्या बाजूने आलेली, दुसरी परागातून म्हणजे बापाच्या बाजूने. एकूण ५६. माणसाचंही तसंच, २३ खंड, दोन प्रती, ४६. नीरफणसाच्या बिनबियांच्या ज्या जाती जगभर लावल्या जातात, त्यांतल्या बहुतेकांत मात्र २८ खंडांच्या तीन प्रती आहेत. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी.

फुगडीत तिसरी

एक प्रत जास्त झाली तर बी का बसू नये? बी बनण्याआधी पराग आणि बीजांड बनावे लागतात, आणि त्यांत ग्रंथाची एकच प्रत जावी लागते. नाहीतर दर पिढीला प्रती दुप्पट होत गेल्या असत्या. ही वाटणी करताना पेशी एक युक्ती करते. आधी सारख्या खंडांच्या जोड्या लावते. आईकडचा पहिला खंड आणि बापाकडचा पहिला खंड, एकमेकांना बिलगून. जोड्या नीट लागल्या की एक इकडे, एक तिकडे. वाटणी चोख.

चवथीला अंगणात बायका फुगडी घालतात ते डोळ्यांसमोर आणा. दोघींनी हात गुंफले की फुगडी रंगते. आता प्रत्येक जोडीत तिसरी येऊन हात धरू लागली तर? कुठे तिघींची ओढाताण, कुठे दोघी गुंतल्या आणि तिसरी एकटी बाजूला. अशा २८ फुगड्या एकाच वेळी चालल्यात. शेवटी अंगणाच्या दोन बाजूंना वाटणी करायची तर कोणाच्या वाट्याला काय येईल याचा नेम नाही. एका परागकणात पहिल्या खंडाच्या दोन प्रती, पाचव्याची एक, नवव्याच्या दोन. असा पराग बहुधा खुरटा निघतो आणि अशा बीजांडातून बी धरत नाही.

मग बीच धरत नाही तर फळ कसं धरतं? बऱ्याच झाडांत परागण झालं नाही की फूल गळून जातं. नीरफणसात ते गळत नाही, परागाची वाट न पाहता फळ पोसलं जातं. केळ्याचंही तेच. खायच्या केळ्यांच्या बहुसंख्य जाती तीन प्रतींच्या आहेत, ११ खंडांच्या तीन प्रती, एकूण ३३. केळं सोलल्यावर मधोमध काळपट बारीक ठिपके दिसतात ना, ते बियांच्या फसलेल्या प्रयत्नांचे अवशेष.

तिसरी प्रत आली कुठून? कधीतरी एखाद्या झाडात वाटणी चुकते आणि एका बीजांडात एकाऐवजी दोन्ही प्रती राहून जातात. त्याला एका प्रतीचा नेहमीचा पराग मिळाला की २ अधिक १, तीन. निसर्गात हे अधूनमधून घडतं आणि अशी झाडं सहसा निर्वंश होऊन संपतात. नीरफणस संपला नाही, कारण प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या माणसांना बिनबियांचं फळ आवडलं. त्याचा बियांचा पूर्वज न्यू गिनीच्या बाजूचा. तिथून पूर्वेकडे बेटामागून बेटं वसवत जाताना लोकांनी मुळांचे फुटवे होड्यांतून सोबत नेले आणि जाता जाता कमी बियांची झाडं निवडत गेले.

एका आकड्यामुळे अडलेलं जहाज

इथे थोडं वाकडं वळण घेतो, कारण गोष्ट फारच छान आहे. १७८७ साली कॅप्टन विल्यम ब्लाय 'बाउंटी' नावाचं जहाज घेऊन इंग्लंडहून ताहितीला निघाला. वेस्ट इंडिजमधल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोसायला नीरफणस तिकडे न्यायचा होता. बिया असत्या तर दोन पोती भरून काम झालं असतं. बिया नव्हत्या. म्हणून जहाजातली मोठी खोली कुंड्यांसाठी रिकामी केली आणि रोपं धरेपर्यंत ताहितीत पाच महिने काढले. हजारावर रोपं घेऊन जहाज परत निघालं, आणि एप्रिल १७८९ मध्ये खलाशांनी बंड करून कप्तानाला छोट्या होडीत उतरवलं. रोपं समुद्रात गेली. ब्लाय जिद्दीचा, १७९३ साली दुसऱ्या खेपेत त्याने रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली.

बंडाची कारणं इतिहासकार सांगतील. पण ते पाच महिने त्या ८४ च्या हिशेबात धरायला हवेत असं मला वाटतं.

मोजायचं कसं? आधी चीक आवरा

फणस चिरायचा तर आपण काय करतो? कोयत्याला तेल, हाताला तेल, खाली जुना पेपर. प्रयोगशाळेतही फणसाच्या कुळाशी पहिली झटापट चिकाशीच होते. गुणसूत्रं मोजायला वाढती पेशी लागते, म्हणून मुळांची कोवळी टोकं घेतात. फणसाच्या बाबतीत आठळी रुजवली की झालं. नीरफणसाला फुटव्यांच्या मुळांची वाट पाहावी लागते.

टोकं अशा द्रावणात ठेवतात की विभाजन ऐन मध्यावर थबकावं. गुणसूत्रं सगळ्यात आखूड आणि सुटी असतात ती त्याच क्षणी. या कामासाठी पूर्वीपासून वापरात असलेलं एक द्रव्य म्हणजे कोल्चिसिन. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, आपण जी लाल-पिवळी वाघनखी, म्हणजे कळलावी, बांधतो ना, तिच्या कंदात आणि बियांत हे द्रव्य असतं. जबर विष आहे, माटोळीपुरतीच बरी. मग अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात पेशी 'स्थिर' करायच्या, रंग द्यायचा आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून चपट्या करायच्या. इतकं करून सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते ठिपके. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांची गुणसूत्रं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक-दोन पट, एवढीच. असे ८४ ठिपके, त्यातले काही एकमेकांवर चढलेले. दहा पेशी मोजल्या तर पहिल्या फेरीत दहा वेगळे आकडे येतील.

हसू नका. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं तीसेक वर्षं जग धरून चाललं होतं. ती ४६ आहेत हे स्वीडनमध्ये जो हिन जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी दाखवलं तेव्हा १९५६ साल उजाडलं होतं. या मोजणीच्या विद्येत आपल्याकडचं मोठं नाव जानकी अम्मल यांचं. तलश्शेरीत जन्मलेल्या, कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलेल्या या बाईंनी १९४५ साली सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोशच तयार केला.

वाटाणा हे वजन

खंड मोजून झाले, आता अक्षरं. ती एकेक वाचण्याआधी त्यांचं वजन करता येतं. पानाचा नखाएवढा तुकडा द्रावणात ठेवून ब्लेडने बारीक चिरायचा, म्हणजे पेशींतली केंद्रकं, डीएनए ज्यांत असतो ती, सुटी होतात. फणसाच्या कुळात इथे चीक पुन्हा आडवा येतो, आणि सोबत टॅनिन, म्हणजे झाडातला तुरट अंश. त्यांना बांधून ठेवणारं द्रव्य घातलं नाही तर आकडा चक्क खोटा येतो. मग डीएनएला चिकटणारा, लेझरखाली चमकणारा रंग मिसळायचा आणि एकेक केंद्रक लेझरसमोरून सोडायचं. जितकं जास्त चमकेल तितका डीएनए जास्त. या यंत्राला फ्लो सायटोमीटर म्हणतात. मोठ्या इस्पितळांत रक्ताच्या कर्करोगाच्या तपासणीला हेच यंत्र वापरतात.

पण चमक म्हणजे वजन नव्हे. तागडीच्या दुसऱ्या पारड्यात माप लागतं. म्हणून त्याच द्रावणात ज्याचं वजन माहीत आहे अशा वनस्पतीचं पान सोबत चिरतात. टोमॅटोच्या पेशीत साधारण १.९६ पिकोग्रॅम डीएनए असतो, वाटाण्याच्या पेशीत ९.०९. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. फणस टोमॅटोच्या अगदी जवळ पडतो. त्यामुळे यंत्र चमकेचा जो आलेख काढतं त्यातले दोघांचे उंचवटे एकमेकांत मिसळायची भीती, त्यापेक्षा वाटाण्यासारखं लांबचं माप बरं.

एक पिकोग्रॅम म्हणजे सुमारे ९७.८ कोटी अक्षरं. २०२० साली फणसाच्या जीनोमचा जो मसुदा प्रसिद्ध झाला तो ९८.२ कोटी अक्षरांचा, म्हणजे एका प्रतीचं वजन जवळपास नेमकं एक पिकोग्रॅम. नीरफणसाचा मसुदा त्याच वेळी आला, ८३.३ कोटींचा.

यंत्राची खरी गंमत त्याच्या वेगात आहे. एकाच जातीच्या दोन झाडांची पानं घ्या, एक बियांचं, एक बिनबियांचं. बिनबियांच्याचा उंचवटा दीडपट अंतरावर आला तर तीन प्रती. तासाभरात निकाल. ठिपके मोजत डोळे फोडून घ्यायला नकोत, अर्थात एकदा तरी मोजून खात्री केलेली बरी.

जास्त म्हणजे वरचढ का?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर : नाही. आपल्याच परसातली झाडं घ्या. आंब्याची गुणसूत्रं ४०, नारळाची ३२. खंड नारळाचे कमी, पण एका प्रतीतली अक्षरं आंब्यात ४० कोटींच्या आसपास आणि नारळात सुमारे २४० कोटी. सहापट! माणसाची ३१० कोटी. आणि कांद्याची? साधारण १६०० कोटी. भाजीत पडणारा कांदा आपल्यापेक्षा पाचपट मजकूर बाळगून असतो. २०२४ साली न्यू कॅलेडोनियातल्या एका नेच्याजातीय वनस्पतीचा आकडा जाहीर झाला, १६००० कोटी. उलट टोकाला, पावसात आपल्या सड्यांवर जांभळा गालिचा अंथरणाऱ्या सीतेच्या आसवांची एक भावकी, पाण्यात वाढणारी कीटकभक्षी वनस्पती, अवघ्या आठ कोटी अक्षरांत सुखाने संसार करते.

हा फरक कामाच्या मजकुराचा नाही. घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती आठवा. चार कडव्यांची आरती, पण ध्रुवपद इतक्यांदा आळवलं जातं की कापूर विझून जातो आणि आरती चालूच. शब्द तेवढेच, वेळ पाचपट. जीनोममध्ये अशी स्वतःच्या प्रती काढत इकडेतिकडे घुसणारी ध्रुवपदं असतात. शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात ती सापडली आणि १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. नारळाच्या जीनोमचा सुमारे पाऊण भाग असल्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांनी भरलेला आहे.

मग आकार मोजून उपयोग काय? एक तर सरळ खर्चाचा हिशेब. अख्खा ग्रंथ वाचायला घ्यायचा तर तो किती जाड आहे हे आधी कळलेलं बरं. आणि वाचून झाल्यावर वजनाशी ताडून पाहता येतं, किती पानं हातून निसटली ते. सारखी ध्रुवपदं जोडताना संगणक गोंधळतो आणि काही गाळून टाकतो, त्यामुळे वाचलेला आकडा मोजलेल्यापेक्षा थोडा कमी भरतो.

फणसाच्या ५६ मध्येही एक गोष्ट दडलीय

नात्यातली झाडं शेजारी ठेवून पाहा. वड आणि पिंपळ फणसाच्याच कुळातले, गुणसूत्रं २६. तुतीची साधारणपणे २८. फणसाची ५६. याच कुळातल्या काळ्या तुतीची तर ३०८, म्हणजे १४ खंडांच्या २२ प्रती, आणि तरीही तिला गोड फळं येतात.

२८ चे ५६ कसे झाले? जीनोम वाचल्यावर दिसलं की फणसाच्या वंशात पुष्कळ जनुकं, म्हणजे मजकुरातले कामाचे परिच्छेद, जोडीजोडीने आहेत. फार पूर्वी, फणस-नीरफणस वेगळे होण्याआधी, यांच्या पूर्वजात अख्खा ग्रंथ एकदा दुप्पट झाला होता. पण दुप्पट झाला तरी प्रती सम राहिल्या. प्रत्येक खंडाला जोडीदार मिळाला, फुगडी बिनसली नाही, आठळ्या भरत राहिल्या. जुन्या जादा प्रतीतली काही जनुकं पुढे वेगळ्या कामाला लागली, काही झिजून गेली. एवढा काळ लोटल्यावर आता हा फणस दोनच प्रतींचा म्हणून वागतो. दुप्पट चालतं, दीडपट अडतं, असा काहीसा हा प्रकार.

"म्हणजे हे बिघडलेलं झाड? खायला बरं ना?"

वहिनींनी हेच विचारलं होतं, उलथनं हातात तसंच धरून. जन्मभर केळी खाल्लीत ना, मग झालं. तिसरी प्रत म्हणजे कोणतं नवं द्रव्य नव्हे, त्याच मजकुराची आणखी एक नक्कल. आणि हे कोणी प्रयोगशाळेत जनुक घुसवून केलेलं नाही. बेटांवरच्या माणसांनी सूक्ष्मदर्शकाचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हाची ही निवड. बिनबियांचं कलिंगड मात्र माणसाने मुद्दाम घडवलं, जपानमध्ये गेल्या शतकाच्या मध्यावर. चार प्रतींच्या वेलीचा दोन प्रतींच्या वेलीशी संकर केला की तीन. तिथेही जनुक बाहेरून आणलेलं नाही.

कुळागरवाल्याला याचं काय?

कोणी म्हणेल, आकडे कळले, छान, पण माझ्या बागेत काय फरक पडतो? पडतो.

काप्या फणसाची आठळी लावली तर झाडाला कापाच येईल याची खात्री कोणी देत नाही, रसाळही निघतो. परपरागण होऊन प्रती नव्याने पिसल्या जातात, प्रत्येक रोप वेगळं. गोव्यातल्या सत्तरी किंवा फोंडा तालुक्यात एकाच वाड्यावर दहा झाडांच्या दहा चवी मिळतात त्या यामुळेच. नीरफणसाचं उलट. मुळाचा फुटवा किंवा गुटी हाच मार्ग, म्हणून नवं झाड हे जुन्याच झाडाचं अंग. वाड्यावरच्या सगळ्यांनी एकाच घरचे फुटवे नेले असतील तर ती दहा झाडं नव्हेत, एकच झाड दहा अंगणांत उभं आहे. त्याला न सोसणारा रोग आला तर दहाही अंगणांत येणार. केळ्यात हे घडून गेलंय. ग्रो मिशेल ही एके काळी निर्यातीच्या बाजारावर राज्य करणारी जात, पनामा रोगाने १९५० च्या दशकात तिचे मळे झोपवले आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच रोगाच्या नव्या वाणाने कॅव्हेंडिशला गाठलंय. तीन प्रतींच्या झाडाशी संकर करून नवी दमदार जात काढू म्हटलं तर वाट जवळजवळ बंद. त्यासाठी दोन प्रतींचे, बियांचे भाऊबंद सांभाळून ठेवावे लागतात. हवाईतल्या ब्रेडफ्रूट इन्स्टिट्यूटने नीरफणसाच्या जातींचा मोठा संग्रह राखलाय तो अशाच गरजांपोटी.

आणखी एक सावधगिरी. बी नाही म्हणजे ८४ च, असं नुसतं फळ पाहून ठरवू नये. मायक्रोनेशियाच्या बाजूला दोन जातींच्या संकरातून आलेले काही नीरफणस दोन प्रतींचेच, ५६ चे, असूनही जवळपास बिनबियांचे आहेत. तिथे प्रती सम असल्या तरी दोन घरांचे खंड नीट जुळत नाहीत. म्हणून पान यंत्रात घालावंच लागतं.

आणि मोजायचं पुष्कळ बाकी आहे. लंडनच्या क्यू उद्यानाने वनस्पतींच्या जीनोम-आकारांची जी यादी ठेवलीय तिच्यात २०१९ पर्यंत १२ हजारांहून थोड्या अधिक जाती होत्या. जगात नुसत्या फुलझाडांच्याच जाती साडेतीन लाखांच्या घरात. त्यातही उष्ण प्रदेशातली झाडं मागे राहतात. चीक, टॅनिन, उंचावरची फांदी, वर्षातून एकदाच मिळणारी ताजी बी, सगळंच अडचणीचं. आमटीला आंबटपणा आणणारं ओटंब आणि जंगलातला उंच पातफणस हेसुद्धा फणसाचेच सख्खे, म्हणजे चिकाची अडचण तिथेही आहेच.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं, थोडं जास्तच लांबवून. तिने मधेच विचारलं, "यंत्र नसलं तर घरी काही करता येतं?" थोडंफार येतं. प्रती वाढल्या की पेशी सहसा मोठ्या होतात, पानाखालची श्वासरंध्रंही. पानाच्या पाठीला बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने उचलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठसा पाहायचा. मात्र तुलना नीरफणसाच्याच बियांच्या झाडाशी हवी, फणसाशी नव्हे, आणि ते झाड आमच्या वाड्यावर नाही. तरीही ती दोन्हींची पानं घेऊन कॉलेजात गेलीच. वहिनींची नेलपॉलिशची बाटली अजून परत आलेली नाही.